आज जायचं का, हे विचारणार कोण?

सेमिस्टरचा शेवटचा पेपर जवळ आला की कॉलेजच्या कट्ट्यावर दोनच विषय उरतात. एक, कुणाला केटी लागणार आणि दुसरा, यंदा बर्फात कुठे जायचं. केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास ही नावं आता राजगड-तोरण्याइतक्या सहज तोंडात येतात. डेहराडूनची तिकिटं, भाड्याच्या जॅकेटचे दर, उणे दहात मोबाइलची बॅटरी किती टिकते, घरी नेमकं काय सांगायचं, यावर ग्रुपवर रात्र-रात्र चर्चा चालते. या चर्चेत हिमस्खलन हा शब्द मी आजवर वाचलेला नाही. माझ्या स्वतःच्या ग्रुपवरही नाही.

कारण आपल्या लेखी तो बातमीतला शब्द आहे. सियाचिन, जवान, शोधमोहीम. वीज पडावी तसं वरून काहीतरी कोसळतं आणि ज्याचं नशीब वाईट तो सापडतो, असं आपण धरून चाललेलो असतो. ट्रेकर, गिर्यारोहक आणि स्कीइंग करणाऱ्यांच्या बाबतीत हे खरं नाही. त्यांचे जीव घेणारी दहापैकी साधारण नऊ हिमस्खलनं गाडल्या गेलेल्या माणसाने किंवा त्याच्याच सोबत्याने सुरू केलेली असतात. कुणी मुद्दाम करत नाही, नुसत्या चालण्याने होतं. सह्याद्रीत दरड कोसळते ती पावसाने. आपण तिच्याखाली होतो की नव्हतो, एवढाच प्रश्न असतो. बर्फात मात्र ती पाडणारे बहुतेक वेळा आपणच असतो. हे एकदा लक्षात आलं की 'नशीब' हा शब्द वापरायला जरा संकोच वाटतो.

हे घडतं कसं, ते समजून घ्यायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. आजीच्या घरातली मडक्यांची उतरंड आठवा. डोंगरावरचा बर्फ तसाच एकावर एक रचलेला असतो. डिसेंबरात एखादा पश्चिमी झंझावात येतो, वीतभर बर्फ टाकून जातो. मग पंधरा दिवस आकाश निरभ्र. या पंधरा दिवसांत वरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही, पण खरी गडबड तेव्हाच होते. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते आणि वरचा पृष्ठभाग रात्री उणे पंधरापर्यंत उतरतो. वीतभर जाडीत एवढा फरक! त्यामुळे आतली वाफ खालून वर सरकते आणि बर्फाचे कण नव्याने घडवते. हे नवे कण टोकदार असतात आणि एकमेकांना चिकटत नाहीत. हातात घेतले तर जाड साखरेसारखे वाटतात, मूठ वळली तरी लाडू होत नाही. आता जानेवारीत मोठा हिमवर्षाव होतो, वारा तो बर्फ एका बाजूला नेऊन दाबून बसवतो आणि या साखरेवर एक घट्ट लादी तयार होते. खालचं मडकं कच्चं आणि वर अख्खी उतरंड. ती पडायला फक्त एक धक्का लागतो. तो तुमच्या बुटाचा असू शकतो.

'यंदा बर्फ कमी आहे, काळजी नको' असं हमखास म्हटलं जातं. वरचं गणित पाहिलं तर ते उलटं पडतं. थर जितका पातळ, तितका तापमानातला फरक थोड्या जाडीत कोंबला जातो आणि साखर जास्त तयार होते. कमी बर्फाच्या वर्षात एकदम मोठा हिमवर्षाव झाला, तर तो काळ जास्त सांभाळून राहण्याचा.

लादी म्हणजे किती मोठी? 50 मीटर लांब, 50 मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड असा तुकडा धरा. डोंगरात हा काही फार मोठा मानला जात नाही. वाऱ्याने दाबलेला बर्फ घनमीटरला 200 किलो धरला, तरी वजन 250 टन होतं. दहा टन माल भरलेले 25 ट्रक. आणि हे एका जागी उभे नसतात, पायाखालून निघून उताराला लागलेले असतात. थांबल्यावर तो बर्फ कापसासारखा राहत नाही, सिमेंटसारखा आवळतो. हात हलवता येत नाही. वर कुठे आणि खाली कुठे, हेही कळत नाही.

पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं, तर दहापैकी नऊ जण वाचतात. अर्ध्या तासाने हा आकडा दहात तिघांवर येतो, कारण श्वास कोंडतो. या दहा मिनिटांत कुठलंही हेलिकॉप्टर येत नाही, कुठलीही यंत्रणा येत नाही. शेजारी असलेला मित्र काय तो वाचवणार. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर सिग्नल देणारं छोटं यंत्र म्हणजे ट्रान्सीव्हर, पाठीवरच्या सॅकमध्ये घडीची लांब सळई आणि धातूचं फावडं लागतं, शिवाय ते वापरण्याचा सरावही. युरोप-अमेरिकेत आडवाटेच्या बर्फात जाणारे हा संच घेतल्याशिवाय निघत नाहीत. आपल्याकडच्या कमर्शिअल ट्रेकवर मायक्रोस्पाइक्स आणि गेटर्स भाड्याने मिळतात. हा संच सहसा दिसत नाही.

पण उपकरणांबद्दल लिहायला मी बसलेले नाही. मला लिहायचंय ते ग्रुपबद्दल.

मास कॉमला मल्टिमीडिया शिकवताना हमखास दाखवला जाणारा एक लेख आहे, 'स्नो फॉल'. न्यूयॉर्क टाइम्सच्या जॉन ब्रांचने डिसेंबर 2012 मध्ये लिहिलेला, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालेला. वर्गात आम्ही त्याचे हलते नकाशे आणि व्हिडिओ पाहून थक्क झालो होतो. 'असं आपल्याला करता आलं पाहिजे' वगैरे. त्यात नेमकं काय घडलंय, हे मी नीट वाचलं ते बऱ्याच नंतर.

19 फेब्रुवारी 2012, रविवार. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला स्टीव्हन्स पास. वादळाने भरपूर ताजा बर्फ टाकलेला. स्की रिसॉर्टच्या हद्दीबाहेरचा टनेल क्रीक नावाचा उतार उतरायला 16 जण निघाले. हे नवखे नव्हते. त्यात व्यावसायिक स्कीअर होते, त्या डोंगराला तळहातासारखं ओळखणारे स्थानिक होते, स्कीइंगवर लिहिणारे पत्रकार होते. धोक्याचा त्या दिवशीचा अंदाज अनेकांनी वाचला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, निरभ्र थंड रात्रींमध्ये, पृष्ठभागावर दवासारखी गोठलेली बर्फाची पिसं उगवली होती. ती दिसायला फार सुंदर असतात. नवा बर्फ पडला की ती गाडली जातात आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी आत उभी राहतात. बंगला कोसळला. तिघे गेले. एक स्कीअर पाठीवरच्या एअरबॅगमुळे वाचली.

मला हादरवलं ते यापुढच्या भागाने. त्या सोळांपैकी कितीतरी जणांना निघण्याआधीच पाल चुकचुकली होती. ग्रुप फार मोठा झालाय, आजचा दिवस बरोबर नाही, असं मनात आलं होतं. बोललं कुणी नाही. प्रत्येकाने मान वळवून बाकीच्यांकडे पाहिलं आणि ठरवलं, एवढे जाणते लोक निघालेत म्हणजे ठीकच असणार. ते जाणते लोकही नेमकं हेच ठरवत होते. आणि त्यात पत्रकारही होते, प्रश्न विचारणं हा ज्यांचा धंदा. हे वाचून मी लॅपटॉप मिटला होता.

हा काही एका दिवसाचा योगायोग नाही. इयन मॅक्कॅमन या अभ्यासकाने अमेरिकेतल्या 1972 ते 2003 या काळातल्या 715 अपघातांची छाननी केली. त्याला आढळलं की बहुतेक ठिकाणी धोक्याच्या खुणा समोर होत्या. हिमस्खलनाचं प्रशिक्षण घेतलेले लोकही त्या ओलांडून पुढे गेले होते. अडचण माहितीची नव्हती. ओळखीची वाट आहे, एकदा ठरलंय ना, लीडर आहे ना, आज नाही तर पुन्हा संधी नाही, ते बघ पुढे गेलेसुद्धा! ही वाक्यं वाचताना कुणाला अमेरिका आठवणार नाही. हा आपल्या प्रत्येक ट्रेकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा मजकूर आहे.

आता माझं. गेल्या जानेवारीत आम्ही सहा जण केदारकंठ्याला गेलो. सांक्रीहून चढून जुडा का तालाब, मग बेस कॅम्प. शेवटच्या रात्री भरपूर बर्फ पडला. पहाटे तीनला चहाचा ग्लास हातात घेऊन आमच्यातली एक म्हणाली, "एवढं पडलंय, आज जायचं का?" आम्ही हसलो. मी तर जास्तच हसले. कुणीतरी तिला "काकू" म्हटलं. लीडर म्हणाला, "ऊपर साफ है, चलेंगे." आम्ही गेलो, सूर्योदय पाहिला, झेंडा धरून फोटो काढले, खाली येऊन सर्टिफिकेट घेतलं. काहीही झालं नाही.

केदारकंठ्याची वाट बरीचशी जंगलातून आणि धारेवरून जाते, ती काही मृत्यूची घळ नाही. लीडरने सगळं पाहूनच निर्णय घेतला असेल, हीसुद्धा शक्यता आहे. मला माहीत नाही, कारण आम्ही विचारलंच नाही. आणि जिने विचारलं तिचं आम्ही काय केलं, ते वर लिहिलंय. 'काही झालं नाही' याचा अर्थ आम्ही बरोबर होतो असा होत नाही. डोंगर पेपर तपासून परत देत नाही. चुकीच्या उतरावरून तुम्ही नऊ वेळा सुखरूप जाऊ शकता आणि नऊही वेळा आपल्याला बर्फ कळतो असं वाटून घरी येऊ शकता.

शिकलेल्यांनाही बर्फ सोडत नाही, हे आपण 4 ऑक्टोबर 2022 ला पाहिलं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा अॅडव्हान्स कोर्स, 'द्रौपदी का डांडा 2' हे सुमारे 5,670 मीटरचं शिखर. शिखराच्या जवळ पोहोचलेली प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षकांची तुकडी हिमस्खलनात सापडली. 29 जण परतले नाहीत. त्यात सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात 16 दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलेली. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली याच संस्थेत कोर्सला जातात, त्यामुळे त्या आठवड्यात पुण्या-मुंबईतल्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर फक्त नावांच्या याद्या फिरत होत्या. आणि महिना ऑक्टोबर होता, ज्याला आपण 'सीझन संपता संपता' म्हणतो.

मग घरी बसायचं का? अजिबात नाही. मी पुन्हा जाणार आहे. पण जाण्याआधी आणि गेल्यावर काय पाहायचं, हे मला गेल्या वर्षी माहीत नव्हतं. कॉलेजच्या अंकात मी स्वतः 'विंटर ट्रेकची तयारी' असा लेख लिहिला होता. त्यात लिप बाम होता, सनस्क्रीन होतं, पॉवर बँक होती. बर्फाबद्दल एक ओळ नव्हती.

तर बर्फाबद्दल. लाद्या सुटतात त्या बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर. घराचा जिना साधारण 30-35 अंशांचा असतो, म्हणजे डोळ्यांना हा उतार फार भीतिदायक वाटतच नाही. चढायला छान, फोटोला छान. मोबाइलमधल्या लेव्हलच्या अॅपने उतार मोजता येतो, शून्य रुपये खर्च. पण फक्त पायाखालचा उतार मोजून भागत नाही. तुम्ही सपाटीवर मॅगी खात असाल आणि डोक्यावर 38 अंशांची मोकळी पाठ असेल, तर तुम्ही तिच्याच वाटेत बसला आहात. सह्याद्रीत आपण नाळेतून चढतो, कारण सोपं पडतं. बर्फात नाळ आणि घळ म्हणजे वरचं सगळं जिथे गोळा होणार ती जागा, आणि धार किंवा सोंड शक्यतो जवळची. ही सवय मोडायला वेळ लागतो.

डोंगर स्वतः बऱ्याच गोष्टी सांगत असतो. शेजारच्या उतारावर ताजं घसरलेलं दिसलं, तर त्याहून स्पष्ट इशारा नाही. चालताना पायाखालून 'वुम्फ' असा दबका आवाज आला आणि बर्फ किंचित खचला, तर खालचा कच्चा थर तुमच्या वजनाने मोडलाय. बुटापासून बर्फात भेग पळत गेली, तर ती लादीची कड आहे. गेल्या चोवीस तासांत जोरदार हिमवर्षाव झालाय, किंवा बर्फ पडत नसला तरी वारा तो उचलून नेतोय, तर एक दिवस बेस कॅम्पला पत्ते कुटावेत. आणि ऊन एकदम तापलं, तर तेही वाईटच. मे महिन्यात सरपासला जाणाऱ्यांना मध्यरात्रीनंतर का उठवतात, याचं एक कारण हे आहे. दुपारी बर्फ भिजून जड होतो आणि त्याची पकड सुटते.

अंदाज मिळतो का? मिळतो. चंडीगडची डीजीआरई ही डीआरडीओची प्रयोगशाळा हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी, उंचीचे पट्टे पाडून हिमस्खलनाचे इशारे देते. त्यात धोक्याच्या पायऱ्या असतात. जगभर रूढ असलेली मोजपट्टी पाचाची आहे, आणि इथे आपली परीक्षार्थी बुद्धी घात करते. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, म्हणजे फर्स्ट क्लास, चला! प्रत्यक्षात युरोप-अमेरिकेत सगळ्यात जास्त माणसं दगावतात ती याच तीनच्या दिवशी. चार-पाचला लोक घाबरून थांबतात. तीनला लादी माणसाच्या वजनाने सुटू शकते, पण आकाश निळं असतं आणि सुट्टी संपत आलेली असते.

28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळच्या माणा गावाशी रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन आलं. 54 पैकी 46 जण वाचले, 8 गेले. इशारा आदल्या संध्याकाळीच निघाला होता. त्या मजुरांचं तिथे असणं ही त्यांची रोजीरोटी होती. आपण पैसे भरून, हौसेने जातो. मागे फिरणं आपल्याला परवडतं, आणि तरी आपण फिरत नाही.

का फिरत नाही, याचं उत्तर अंशतः पैशांत आहे. विद्यार्थ्याने सहा महिने साठवून फी भरलेली असते. त्याच्या मते त्याने शिखर विकत घेतलंय. लीडरवर वीस जणांच्या अपेक्षांचं ओझं, कंपनीवर रिव्ह्यूचं. शिखर न करता परत आणणाऱ्या लीडरला एक तारा मिळतो, हे आपल्याच बोटांनी होतं. तेव्हा माझं म्हणणं कंपन्यांना आहे तसंच आपल्यालाही आहे. बुकिंगच्या पानावर हिटरची सोय आणि जेवणाचा मेन्यू असतो, तसं हेही असावं: आम्ही रोज कुठला इशारा पाहतो, कुठल्या परिस्थितीत मागे फिरतो, तो निर्णय कोण घेतं. सर्टिफिकेटवर 'शिखर सर' हा रकाना ठेवू नका. आणि जो लीडर बेस कॅम्पवरून परत फिरवतो, त्याला पाच तारे द्यायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

कॉलेजच्या हायकिंग क्लबांनाही हे लागू आहे. फॉर्मवर रक्तगट, पालकांची सही, डॉक्टरांचं पत्र, सगळं असतं. ग्रुपमधल्या कुणा एकाला, अगदी एफवायच्या मुलालासुद्धा, 'मला हे ठीक वाटत नाही' म्हणता येईल आणि त्यावर सगळे थांबतील, असा नियम कुठल्या फॉर्मवर मी पाहिलेला नाही. जाणत्या गिर्यारोहकांच्या तुकड्यांत असा नकाराधिकार दिला जातो. कारण विचारलं जातं, पण हसलं जात नाही. असा नियम तोंडी ठेवून चालत नाही, कारण पहाटे तीनला उणे बारात तोंड उघडायला धीर लागतो आणि शेजारचा हसला की तो संपतो. तो आधीच, घरी, सगळे शुद्धीवर असताना ठरलेला हवा.

आमच्यातले चौघं यंदा डिसेंबरअखेर पुन्हा निघालेत, या वेळी ब्रह्मतालला. गेल्या वर्षी जिला आम्ही काकू म्हटलं, तिने कंपनीला चार प्रश्न मेल केले. इशारा कोण वाचतं, मागे कधी फिरता, ट्रान्सीव्हर आहेत का, आमच्यापैकी एकीने नाही म्हटलं तर काय. पहिल्या दोनांची नीट, सविस्तर उत्तरं आली. तिसऱ्याला 'या मार्गावर गरज पडत नाही'. चौथ्यावर त्यांनी 'कॉल करून बोलू' म्हटलंय. तो कॉल स्पीकरवर घ्यायचा, असं ठरलंय.